महागडा गोल प्लॅनर: निम्मी पानं कामाची, निम्मी नुसती नटवी

डिसेंबर लागला की फोन उघडला रे उघडला की प्लॅनरच्या जाहिराती सुरू होतात, 'हे वर्ष तुमचंच' वगैरे, आणि मग कुणी ना कुणी विचारतंच की काय गं, असला गोल प्लॅनर (वाटोळा नव्हे हं, इंग्रजी 'goal', म्हणजे ध्येयं लिहायची डायरी) घ्यावा का, खरंच काही उपयोग होतो का नुसतं टेबलावर मिरवायला. तर मी एक वापरलाय, चांगला पानं भरून वापरलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण या प्रकारातले बहुतेक प्लॅनर एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, आत तीच ती पानं फक्त कव्हर वेगळं, त्यामुळे तुम्ही कुठलाही उचललात तरी हे लिहिलेलं बऱ्यापैकी लागू पडेल. घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते, यातलं आठवड्याचं पान आणि 'जर-तर'चं पान एवढी दोनच पानं पैसे वसूल करतात, बाकीचं बरंचसं भरताड आहे, आणि सोबत मिळणारं ॲप तर मी काढूनच टाकलं.

आधी वस्तू म्हणून कशी आहे ते. बांधणी झकास. धाग्याने शिवलेली आहे, त्यामुळे कुठलंही पान उघडा, सपाट पडून राहतं, एका हाताने दाबून धरावं लागत नाही. कागद जाड आहे, बॉलपेन आणि साधं जेल पेन चालतं, मार्करने लिहिलंत तर मात्र शाई पलीकडे उमटते आणि मागच्या पानाची वाट लागते. दोन रिबिनी आहेत, एक महिन्यासाठी एक आठवड्यासाठी, ही कल्पना ज्याची कुणाची असेल त्याला शाबासकी. वजन मात्र आहे चांगलंच! बॅगेत घालून रोज न्यायचा म्हटलं तर खांदा बोलायला लागतो, म्हणून तो आपोआपच घरी राहतो आणि घरी राहिला की दिवसभरात जिथे लिहायचं सुचतं तिथे तो नसतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसलं काहीतरी.

आता आतली पानं. उघडल्यावर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ती सुप्रसिद्ध गोष्ट छापलीये, की येल विद्यापीठात १९५३ साली पास झालेल्या मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी बघितलं तर त्या ३ टक्क्यांकडे उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती होती. वाचलीच असेल तुम्ही कुठेतरी, कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं आणि साल १९७९ असतं. गंमत अशी की असा अभ्यास कधी झालाच नाही. येल विद्यापीठाने स्वतःच सांगितलंय की १९५३ च्या बॅचवर असं काही सर्वेक्षण झालेलं नाही, तरी ही गोष्ट वर्षानुवर्षं भाषणांतून आणि आता प्लॅनरांतून फिरतेच आहे. एवढा पैसा घेऊन छापलेल्या वस्तूच्या पहिल्याच पानावर थाप असावी याचं मला वाईट वाटलं, कारण थाप मारायची गरजच नव्हती. लिहून ठेवण्याचा, आणि लिहिलेल्यावर नंतर नजर टाकण्याचा फायदा दाखवणारं खरं संशोधन ढिगाने पडलंय, पुढे येईलच ते.

त्यानंतर 'लाइफ व्हील' नावाचं चक्र येतं, आठ आरे, प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे, तब्येत, पैसा, नाती, करिअर इत्यादी. मग व्हिजन बोर्डची दोन कोरी पानं ज्यावर फोटो चिकटवायचे. मग 'पाच वर्षांनंतरच्या तुला पत्र'. या सगळ्यात एक अख्खी दुपार मस्त जाते, रंगीत पेनं बाहेर निघतात, खूप काही केल्यासारखं वाटतं आणि काहीच झालेलं नसतं. आरंभशूर लोकांना, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनाच, हा भाग फार धोक्याचा, कारण ठरवण्यातच इतकं समाधान मिळतं की करायची भूक मरते. मी म्हणेन चक्र भरा हवं तर, दहा मिनिटांत, आणि पुढे सरका.

खरी गडबड 'या वर्षाची ध्येयं' या पानापासून सुरू होते. दहा ओळी आहेत! आखलेल्या, नंबर घातलेल्या दहा ओळी. आता समोर दहा रिकाम्या ओळी दिसल्या की माणूस त्या भरणारच, चौथ्या-पाचव्यानंतर खरं काही सुचत नाही तरी भरणार, 'जास्त पुस्तकं वाचणे', 'फोन कमी बघणे', 'पैसे वाचवणे', 'चिडचिड कमी', आणि शेवटी दहाव्या ओळीवर 'स्वतःसाठी वेळ काढणे', जो वेळ वरच्या नऊ ओळींनी आधीच खाल्लेला असतो. मी तीन ठेवले आणि बाकीच्या ओळींवर सरळ काट मारली, पान घाणेरडं दिसतं पण असू दे. तीनसुद्धा नोकरी, घर सांभाळून भरपूर होतात असं माझं मत.

आणि ध्येय 'करणार' असं लिहायचं की 'टाळणार' असं, याबद्दल प्लॅनर एका अक्षरानेही काही सांगत नाही, इथे घोडं पेंड खातं. स्वीडनमध्ये नव्या वर्षाच्या संकल्पांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला, हजाराहून जास्त लोक होते, १०६६, आणि वर्षभर त्यांच्या संपर्कात राहून विचारत होते की चाललंय का तुमचं. त्यात असं दिसलं की 'हे करायला लागणार' अशा पद्धतीचं ध्येय ठेवणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के लोक वर्षाअखेर आपण टिकलो असं सांगत होते आणि 'हे सोडणार, ते टाळणार' वाल्यांत ४७.१ टक्के. म्हणजे 'रात्री फोन बघणार नाही' यापेक्षा 'झोपायच्या आधी पुस्तकाची दहा पानं वाचणार' हे बरं. हातात पुस्तक असलं की फोन आपोआप बाजूला पडतो, पण नुसता फोन बाजूला ठेवला तर हाताला काम नसतं आणि तो पुन्हा फोनकडेच जातो. ही एक टीप त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापली असती तरी माझ्या हिशेबी प्लॅनरची किंमत वाढली असती. त्याच अभ्यासात आणखी एक मजेशीर गोष्ट होती, लोकांचे तीन गट केले होते, एकाला काहीच मदत नाही, एकाला थोडी मदत आणि माहिती, एकाला भरपूर, अगदी सविस्तर. तर थोडी मदत मिळालेला गट बाकी दोघांपेक्षा पुढे निघाला. भरपूर वाला नाही! जाडजूड प्लॅनर विकणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

ध्येय नेमकं असावं हे मात्र प्लॅनरने बरोबर धरलंय. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही दशकं यावरच काम केलं, लॉकचा पहिला मोठा निबंध १९६८ चा, आणि त्याचं सार असं की 'जमेल तेवढं करा' म्हटलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय दिलेला माणूस जास्त काम करतो, अट एवढीच की त्याने ते मनापासून स्वीकारलेलं असावं, त्याला ते जमण्यासारखं असावं आणि आपण कुठवर आलोय ते त्याला कळत राहावं. हे शेवटचं लक्षात ठेवा. पण एक पुरवणी आहे जी प्लॅनरवाले सोयीस्कर विसरतात: काम अगदीच नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर आकड्याचं ध्येय उलट अंगावर येऊ शकतं, तिथे आधी 'हे करायच्या तीन पद्धती शिकून बघणार' असं शिकण्याचं ध्येय जास्त चालतं. नवी भाषा शिकायला घेतलेल्याने पहिल्याच महिन्यात 'हजार शब्द' असं लिहून ठेवलं तर तो शब्द पाठ करत बसेल आणि तोंडातून वाक्य एक निघणार नाही.

'स्मार्ट'ची (SMART, म्हणजे ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे आहे का हे तपासायच्या पाच कसोट्या) वर्कशीट आहे, असणारच, त्याशिवाय प्लॅनर पूर्ण होतच नाही बहुतेक. एका ध्येयाला एक पूर्ण पान, पाच चौकटी. जॉर्ज डोरन नावाच्या माणसाने १९८१ मध्ये मॅनेजमेंटच्या मासिकात हे सुचवलं होतं ते ऑफिसातल्या मॅनेजर लोकांसाठी, आणि प्रत्येक उद्दिष्ट पाचही कसोट्यांना उतरलंच पाहिजे असा त्याचासुद्धा आग्रह नव्हता. आपण मात्र 'आईशी रोज निवांत बोलणे' हेसुद्धा त्या पाच चौकटीत कोंबायला बघतो. मोजता येईल का? येईल, मिनिटं लावून. पण मग ते निवांत राहील का. असो, पैसे साठवणं, कर्ज फेडणं, एखादी परीक्षा, यांच्यासाठी वर्कशीट ठीक आहे, बाकीच्यांसाठी सोडून द्या.

आता कामाच्या पानांकडे येते. 'अडथळा आला तर' अशा नावाचं एक पान आहे, आणि ते कुठे दडवलंय माहितीये का, तिमाही आढाव्याच्या मागे, जिथपर्यंत निम्मे लोक पोचणारच नाहीत. खरं तर हे पान सगळ्यात पुढे हवं होतं. दोन रकाने, डावीकडे 'जर', उजवीकडे 'तर', बस. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट अभ्यासून मांडली, १९९९ च्या त्याच्या निबंधापासून ती जास्त गाजली, आणि नंतर २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने अशा ९४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा परिणाम चांगला दणदणीत दिसला. त्याच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा रिपोर्ट लिहून पाठवायचा होता. ज्यांनी कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधी ठरवून ठेवलं त्यांच्यातल्या तीन चतुर्थांशच्या आसपास पोरांनी तो वेळेत केला, ज्यांनी नुसतं 'करतो' म्हटलं त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांशनी. इच्छा दोघांची सारखीच होती हं.

माझ्या पानावर काय लिहिलंय ते सांगते म्हणजे कळेल. ध्येय होतं चालणं. डाव्या रकान्यात 'ऑफिसातून आले की', उजव्या रकान्यात 'बूट काढायचे नाहीत, बॅग दारातल्या खुर्चीवर टाकायची आणि तशीच बाहेर पडायचं, वीस मिनिटं'. खाली दुसरी ओळ, 'पाऊस असेल तर' आणि त्यापुढे 'जिन्याने वर-खाली चार वेळा'. तिसरी, 'यायला उशीर झाला तर', 'पाच मिनिटं, पण घराबाहेर'. यात सगळी करामत बुटांची आहे. बूट एकदा काढले की सोफा आणि सोफ्यावर बसलं की संपलं, हे प्रत्येकाला आपापल्या घरात माहीत असतं, फक्त ते लिहून काढायला कुणी सांगत नाही. या पानाने मला ते लिहायला लावलं. माझी तक्रार एवढीच की असं पान तिमाहीला एकच दिलंय आणि त्यात सहाच ओळी, उलट 'आजचा सुविचार'ला रोज जागा आहे.

महिन्याच्या पानावर हॅबिट ट्रॅकर, उभ्या ओळीत सवयी आणि आडव्या ३१ चौकटी. दिसायला आधुनिक, पण कल्पना जुनीच. अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन, त्याने अठराव्या शतकात स्वतःसाठी हेच केलं होतं, १३ सद्गुणांच्या १३ ओळी, आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने, आणि जिथे चुकलो तिथे काळा ठिपका. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणावर, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुने ठिपके खरडून खरडून त्या वहीच्या पानांना भोकं पडली तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली, जिच्यावर पेन्सिलने खुणा करायच्या आणि ओल्या स्पंजने पुसून टाकायच्या. आणि सगळ्यात जास्त त्रास त्याला कशाने दिला तर व्यवस्थितपणाने, वस्तू जागच्या जागी आणि कामं वेळच्या वेळी, ते त्याला शेवटपर्यंत धड जमलं नाही. मला या माणसाबद्दल तेव्हापासून फार आपुलकी वाटते. मुद्दा असा की त्याने एका वेळी एक धरला, आणि आपल्या प्लॅनरात एका महिन्यात १५ सवयींच्या ओळी आहेत. पंधरा! दात घासणे लिहून टिक मिळवायची वेळ येते.

ट्रॅकरच्या वर छापलंय 'सवय लागायला फक्त २१ दिवस'. पी हळद आणि हो गोरी. हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आलाय, ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना किमान एवढे दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं, पुढे सांगोवांगी त्यातलं 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. नीट मोजून बघितलं ते लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी, ९६ जण, १२ आठवडे, रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या वेळी करायची. तिथे मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसातला फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे अंदाजाने काढलेले). त्यामुळे बाविसाव्या दिवशी अजून आळस येत असेल तर तुमच्यात काही खोट नाहीये, वरची ओळ चुकीची छापलीये. पेनाने खोडा ती.

त्याच अभ्यासात हेही होतं की मध्ये एखादा दिवस हुकला म्हणून सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. आता हे मनात ठेवून ॲपकडे बघा. प्लॅनरवरचा कोड स्कॅन केला की ॲप फुकट मिळतं, रोज टिक केली की साखळी वाढते, ज्वाळेचं चित्र मोठं होत जातं, आणि एक दिवस राहिला की शून्य. सरळ शून्य! घरात आजारपण असो, प्रवास असो, ॲपला काही देणंघेणं नाही. माझी लांबलचक साखळी एका रात्रीत उडाली, दुसऱ्या दिवशी त्या भल्यामोठ्या शून्याकडे बघून चालायला जायची इच्छाच होईना. सपोर्टला लिहिलं की बाबांनो सुट्टीचा दिवस टाकायची सोय द्या, तर दोन दिवसांनी एक साचेबद्ध उत्तर आलं, 'सातत्य हीच गुरुकिल्ली', खाली हसरा चेहरा. मग पैसे भरून साखळी वाचवायची योजना पुढे आली, तेव्हा ॲप काढून टाकलं. बरं हे नुसतं माझं रडगाणं नाही, जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात नव्या वर्षाचे संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं माग काढला होता. एका आठवड्यानंतर ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. नव्याचे नऊ दिवस, तर तसंच. पण जे यशस्वी झाले त्यांच्यातले ५३ टक्के लोक मध्ये निदान एकदा तरी घसरले होतेच, आणि दोन वर्षांत सरासरी १४ वेळा. चौदा वेळा घसरून ते यशस्वी लोकांच्या यादीत आहेत, आणि हे ॲप पहिल्याच घसरगुंडीला तुमचा पाढा पुसून टाकतं.

(तेवढ्यात 'संकल्प करून काय होतंय' म्हणणारे हसले असतील तर त्यांच्यासाठी: त्याच नॉरक्रॉसच्या २००२ च्या अभ्यासात संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनी टिकून होते, आणि बदलायचंय तर होतं पण संकल्प केला नव्हता अशांपैकी ४ टक्के. लोकांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, थोडं इकडेतिकडे धरा, तरी फरक केवढा.)

आता आठवड्याचं पान, ज्यासाठी मी हा प्लॅनर ठेवलाय. उजव्या पानावर सात दिवसांचे रकाने, ते सगळ्यांकडे असतात, पण डाव्या पानावर रविवारी भरायचे तीन प्रश्न आहेत, 'काय झालं', 'काय अडलं', 'पुढच्या आठवड्यात काय बदलणार'. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिले दोन लिहून सोडले तर ती रोजनिशी होते, तिसऱ्याने ती कामाला लागते. एका आठवड्याला माझं असं होतं: 'वाचन दोनच दिवस', 'रात्री डोळे मिटतात', 'पुस्तक सकाळच्या बसमध्ये'. एवढंच. त्या एका ओळीने जे झालं ते पाच वर्षांनंतरच्या मला लिहिलेल्या पत्राने झालं नाही. वर म्हटलं ना की आपण कुठवर आलो ते कळत राहिलं पाहिजे, ते काम इथे होतं. २०१६ मध्ये बेंजामिन हार्किन आणि मंडळींनी १३८ अभ्यास एकत्र करून बघितले, की प्रगती मध्येमध्ये तपासत राहिल्याने ध्येय गाठायला मदत होते का, तर होते, आणि ती कुठेतरी लिहून ठेवली किंवा दुसऱ्यांसमोर मांडली तर आणखी होते. डॉमिनिकन विद्यापीठातल्या गेल मॅथ्यूजच्या अभ्यासातसुद्धा सगळ्यात पुढे गेलेला गट कुठला, तर जो दर आठवड्याला एका मित्राला 'एवढं झालं, एवढं राहिलं' असं कळवत होता. त्यावरून मी माझं डावं पान फोटो काढून मैत्रिणीला पाठवते, ती तिचं मला पाठवते, कमेंट कुणी करायची नाही असा नियम आहे. फुकटचे सल्ले सुरू झाले की दोघींपैकी एक पाठवायचं बंद करणार हे नक्की.

या पानात एक खोट आहे आणि ती मोठी आहे. काम लिहायला जागा आहे, त्याला किती वेळ लागेल ते लिहायला नाही. आणि वेळेच्या अंदाजात माणूस किती गंडतो याला तोड नाही. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिघडलं तर किती लागतील असंही विचारलं होतं, तो अंदाजही ४८.६ चा, म्हणजे सगळं बिघडल्याचा अंदाजसुद्धा कमीच. मी आता प्रत्येक कामासमोर समासात मिनिटं लिहिते, अंदाजाची आणि नंतर खरी लागलेली, समास अरुंद आहे त्यामुळे आकडे एकमेकांच्या डोक्यावर बसतात. पुढच्या आवृत्तीत हा रकाना द्याच, सुविचार काढा आणि द्या.

रोजची पानं कंटाळवाणी. सकाळचा हेतू, कृतज्ञतेच्या तीन गोष्टी, पाण्याचे ग्लास, मूडचे पाच चेहरे, संध्याकाळचा आढावा. हे सगळं रोज भरणाऱ्यांना माझा दंडवत, मला ते दिवसाला आणखी एक नोकरी असल्यासारखं झालं. कोरी राहिलेली रोजची पानं पुढे ढकलत गेलात की जाड प्लॅनर मधोमध कोरा दिसतो आणि उगाच अपराधी वाटतं. सरळ दुसऱ्या कामाला वापरा, मी फोन नंबर आणि हिशेब लिहिते त्यावर.

एक गोष्ट मात्र त्यांनी हुशारीने केलीये, तारखा छापलेल्या नाहीत. मार्चमध्ये सुरू करा नाहीतर ऑगस्टमध्ये, पानं वाया जात नाहीत. एक जानेवारीला उगाच देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही, २०१४ मध्ये हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवलं की नवीन आठवडा, नवीन महिना, नवीन सत्र, वाढदिवस, अशा कुठल्याही सुरुवातीला लोकांची जिमला जायची संख्या वाढते. म्हणजे वर्षातून एकच संधी असते असं काही नाही, दर सोमवारी एक लहानशी मिळते. जानेवारीत घेतलेला प्लॅनर फेब्रुवारीत कपाटात गेला असेल तर पुढचं कोरं पान काढून तिथून सुरू करा, मधली पानं फाडायच्या वगैरे भानगडीत पडू नका.

राहिला खरा प्रश्न, एवढे पैसे घालावे का. साधी वही घेऊन तिच्यात दर रविवारी ते तीन प्रश्न आणि पहिल्या पानावर जर-तरचे दोन रकाने आखले तर या प्लॅनरचा सगळा कस त्यात येतो, माझी मैत्रीण तसंच करते आणि तिचं चालणं माझ्यापेक्षा जास्त नियमित आहे. ज्यांना आखलेलं समोर दिसल्याशिवाय हात चालत नाही, किंवा महागाची वस्तू आणली की ती वापरलीच जाते असा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांनी खुशाल घ्या. ज्यांच्या कपाटात आधीच दोन अर्धवट प्लॅनर पडलेत त्यांनी तेच काढा, तारखा नसतील तर अजून चालतील. कुणाला भेट द्यायचा विचार असेल तर मागितल्याशिवाय देऊ नका, दुसऱ्याने आणून दिलेला गोल प्लॅनर हा टोमणाच वाटतो.

पाचपैकी तीन स्टार. एक ॲपमुळे गेला, एक पहिल्या पानावरच्या थापेमुळे. फक्त आठवड्याच्या पानांचं पातळ रिफिल वेगळं मिळतं असं कंपनीच्या साइटवर दिसतंय, पुढच्या वेळी मी तेवढंच मागवणार आहे, आणि सोबत आलेला स्टिकरचा अख्खा कागद शेजारच्या छोटीला दिलाय, तिने 'यू गॉट धिस' सायकलच्या घंटीवर चिकटवलंय.